कुसळाचे गिरमिट

दिवाळीच्या सुट्टीत माळावरून फिरून आलात, की पायमोज्यांत कुसळे घुसलेली आढळतात. काढावीत तर ती आणखी आत जातात. ही कुसळी गवताची फळे. त्यांचा हा द्वाडपणा खरे तर आपल्यासाठी नाहीच, तो जमिनीसाठी आहे.

पुण्याच्या पूर्वेपासून सोलापूरपर्यंतचा मुलूख पर्जन्यछायेतला. सखल भागात खोल काळी माती, तर उंचवट्यावर बेसाल्ट झिजून झालेल्या मुरमाचा वीतभर थर. तो ओल धरत नाही. अशा जमिनीवर उघडे पडलेले बी उन्हाने वाळते, मुंग्या नेतात किंवा वणव्यात जळते. बी जमिनीत गेलेच पाहिजे. पण ते पेरणार कोण?

फळाचे टोक सुईसारखे असते व त्यावर मागे वळलेले ताठ केस असतात. दुसऱ्या टोकाला दोरीसारखा पीळ असलेली, पुढे कोपरासारखी वाकलेली लांब शेपटी असते. रात्री दवाने ती भिजली, की पीळ उलगडतो. दिवसा वाळली, की पुन्हा बसतो. वाकडे टोक गवताच्या काडीला अडले, की शेपटीऐवजी बीच फिरू लागते. फिरणे दोन्ही दिशांनी होते, पण केसांमुळे बी मागे सरकू शकत नाही. घड्याळाला किल्ली देताना चाकाला अडवणारा खटका आठवा. फ्रान्सिस डार्विन (चार्ल्स डार्विनचा मुलगा) याने १८७६ साली अशाच एका दुसऱ्या गवताच्या बियांबद्दल हे विवेचन केले होते.

मग पीळ का बसतो? पावसाळ्यात दाराची फळी रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही. कारण पाणी सेल्युलोजच्या तंतूंच्या मधे शिरते. शेपटीच्या पेशींत हे तंतू मळसूत्राप्रमाणे तिरपे असतात. साहजिकच वाळताना पेशी आखडते आणि वळतेही. या पेशी मृत असतात. सगळी शक्ती हवेतल्या ओलाव्याच्या चढउताराची!

म्हणूनच गतवर्षीचे कुसळही प्रयोगाला चालते. बी मेणात उभे रोवा, पिळावर पाण्याचा थेंब ठेवा. वाकडे टोक घड्याळाच्या काट्यासारखे फिरू लागेल. खाली पुठ्ठ्यावर अंश आखलेत, तर आर्द्रतामापकच तयार होईल.

मेंढपाळांना मात्र यात कौतुक वाटत नाही. ही कुसळे लोकरीतून मेंढीच्या कातडीत शिरतात, तोंडात जखमा करतात. यासाठी हे गवत कुसळ धरण्यापूर्वीच चारावे किंवा कापावे लागते. तेव्हा तोच उत्तम चारा असतो.