दम संपला हे शरीराला कळतं कसं? विहिरीतली बुडी, फ्रीडायव्हिंग आणि मोजमापाचा प्रश्न



शहापूर-मुरबाडकडे उन्हाळ्यात पाणी टिकून असलेल्या विहिरीवर पोरांचा एक खेळ चालतो. सूर मारायचा, तळ गाठायचा आणि तिथला चिखल मुठीत धरून वर आणायचा. चिखल हा पुरावा. एका श्वासात खाली जाऊन त्याच श्वासात वर येण्याच्या या प्रकाराला खेळाच्या जगात फ्रीडायव्हिंग म्हणतात. तारकर्लीला पर्यटक करतात ते स्कुबा. त्यात सिलिंडरमधून श्वास चालूच असतो. इथे सिलिंडर नसतो, श्वास रोखलेला असतो.

यात नवीन माणसाने सुरुवात कशी करायची? आधी एक प्रश्न सोडवू, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. श्वास रोखल्यावर थोड्या वेळाने जीव घुसमटतो. का?

बहुतेक जण सांगतात, ऑक्सिजन संपत आला म्हणून. पण मुख्य कारण ते नाही. शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि मेंदू प्रामुख्याने त्याची वाढ ओळखून ‘श्वास घे’ असा आदेश देतो. घरी पल्स ऑक्सिमीटर असेल तर खुर्चीत बसून बघा. निरोगी माणसाला घुसमट जाणवायला लागते तेव्हाही आकडा बहुधा ९७-९८ च्या आसपासच असतो. म्हणजे घुसमट हा ऑक्सिजन किती उरला याचा थेट काटा नाही, अप्रत्यक्ष काटा आहे. संशोधनाच्या भाषेत याला प्रॉक्सी म्हणतात: मोजायचंय एक, मोजतोय दुसरं, आणि दोन्ही बरोबरीने बदलतात असं गृहीत धरलंय.

आता धोका बघा. बुडी मारण्याआधी भराभर दहा-वीस श्वास घेतले की जास्त वेळ दम टिकतो, हा ‘अनुभव’ तुम्ही ऐकला असेल. दम टिकतो हे खरं, पण कारण वेगळं आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन आधीच ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलं असतं, त्यात फारशी भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र खूप कमी होतो. टाकीत पेट्रोल तेवढंच, काटा मात्र फुल दाखवतो. घुसमट यायच्या आधीच ऑक्सिजन संपतो आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध पडतो. धडपड नाही, हाक नाही. काठावरच्यांना वाटतं, आज गडी विक्रम करतोय.

अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अल्बर्ट क्रेग यांनी १९६१ साली याच विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पाण्याखाली पोहताना शुद्ध हरपलेल्यांच्या हकिगती त्यांनी तपासल्या, आणि भराभर श्वास घेऊन मग दम रोखल्यावर शरीरात काय होतं हे प्रयोगशाळेतही मोजलं. हकिगतीतून प्रश्न आणि मोजमापातून उत्तर, ही रचना लक्षात ठेवा.

खोलीमुळे दुसरी एक अडचण येते. दर १० मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. १० मीटरवर एकूण दाब दुप्पट, म्हणून ६ लिटर हवा तिथे ३ लिटर होते. समजा, तिथे फुप्फुसातल्या हवेत ४ टक्के ऑक्सिजन उरलाय. त्याचा आंशिक दाब ०.०८ वातावरण, आणि शुद्ध टिकून राहू शकते. वर येताना एकूण दाब निम्मा होतो, तसा ऑक्सिजनचाही ०.०४ वर येतो. आता शुद्ध जाऊ शकते. खाली ठीक असलेला माणूस पृष्ठभागाजवळ बेशुद्ध होतो तो यामुळे.

आता सुरुवातीचे नियम सांगतो. प्रत्येकाचं कारण वर आलेलंच आहे.

१. आधी डॉक्टरांकडून तपासणी. हृदयविकार, दमा, फिट येणं, कान-सायनसचा त्रास असेल तर स्वतः ठरवू नका.

२. भराभर श्वास घ्यायचे नाहीत. दोन मिनिटं शांत, नेहमीसारखा श्वास, मग एक पूर्ण श्वास, एवढंच. सराव कोरड्या जागी, बसून किंवा आडवं होऊन.

३. पाण्यात एकट्याने कधीही नाही. एक खाली, एक वर, आणि वरच्याची नजर सतत खालच्यावर. तो वर आल्यावरही निदान ३० सेकंद लक्ष ठेवायचं, कारण डोकं बाहेर आल्यानंतरही शुद्ध जाऊ शकते.

४. कानातला दाब दुखायच्या आधीच मोकळा करायचा. दुखलं की परत फिरायचं, जोर लावायचा नाही.

५. शिक्षण प्रशिक्षकाकडे, स्वच्छ पाण्याच्या तलावात. भातसा, तानसा किंवा बारवीच्या जलाशयात नाही. गढूळ पाण्यात जोडीदाराला तुम्ही दिसतच नाही, मग तिसरा नियम कागदावरच राहतो.

आता यातला संशोधनाचा भाग. पेटच्या मुलाखतीत ‘तुमचं साधन नेमकं काय मोजतं?’ असा प्रश्न आला की अनेकांची गाडी अडते. घुसमटीचं उदाहरण लक्षात ठेवा. प्रॉक्सी वापरणं चूक नाही. ती कुठल्या परिस्थितीत दगा देते हे माहीत नसणं चूक.

दुसरा मुद्दा नमुन्याचा. ‘आम्ही लहानपणी असंच करायचो, काही झालं नाही’ असं सांगणारा प्रत्येक माणूस वाचलेला असतो. ज्यांना काही झालं ते सांगायला नाहीत. नुसत्या मुलाखतींवर निष्कर्ष काढलात तर पद्धत सुरक्षित आहे असंच दिसेल. म्हणून पोलीस पाटील, प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस ठाण्यातल्या नोंदी हेही बघावं लागेल. त्या नोंदींत ‘बुडून मृत्यू’ एवढंच लिहिलेलं असू शकतं, आधी भराभर श्वास घेतला होता का हे नाही. ही उणीव तुमच्या सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट लिहा.

तिसरा मुद्दा नैतिकतेचा. मुलांना विहिरीत दम रोखायला लावून वेळ मोजायची, हा अभ्यास कुठलीही आचारसंहिता समिती मंजूर करणार नाही, आणि करूही नये. पण बुडीआधी मुलं काय करतात, ते कुणाकडून शिकली, काठावर कोण थांबतं, हे पालकांच्या संमतीने आणि मुलांच्या होकाराने विचारता येतं. आणि निरीक्षण करताना एखादं पोर भराभर श्वास घेताना दिसलं तर? वही खाली ठेवायची आणि त्याला थांबवायचं. त्या दिवसाचा डेटा गेला तरी चालेल.