कपाशी लाल पडली? आधी पान पाहा, मग खत



महालक्ष्म्या झाल्या, पावसाने जरा उघाड दिली, की आमच्याकडे एकच प्रश्न येऊ लागतो. "साहेब, कपाशीची पाने लाल पडली, कोणते खत टाकू?" पेऱ्याची तारीख सांगितली जाते, वाण सांगितले जाते, दुकानातून आणलेल्या बाटलीचे नावही सांगितले जाते. पण कोणते पान लाल पडले, खालचे की शेंड्याचे, हे कुणी सांगत नाही. निम्मे उत्तर तर तिथेच असते.

ते कसे, ते पाहा. टंचाई पडली की घरातली थोरली माणसे आपल्या ताटातले काढून लेकरांना देतात. झाडाचीही रीत तीच. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडात फिरती आहेत. जमिनीतून ती कमी पडली की झाड खालच्या जुन्या पानांतून काढून शेंड्याला आणि बोंडांना पुरवते. म्हणून यांची उणीव आधी खालच्या पानांवर दिसते. लोह, गंधक ही द्रव्ये एकदा पानात बसली की सहसा हलत नाहीत. त्यांची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते. जस्ताचेही बरेचसे तसेच.

आता आपला लाल्या घ्या. लाल्या हा एकच एक रोग नाही, हे आधी ध्यानात ठेवा. बोंडे भरू लागली की झाडाची भूक वाढते. सन २००२ नंतर आलेल्या बीटी वाणांना बोंडांचा भार एकदम लागतो, आणि नेमके तेव्हाच हलक्या जमिनीतले नत्र संपलेले असते. त्यात रात्री थंड होऊ लागतात. पानातले हरितद्रव्य कमी होते आणि तांबडा रंग वर येतो. खालचे अख्खे पान आधी फिकट, मग तांबूस झाले, तर नत्राची उपासमार समजावी. शिरा हिरव्या आणि मधला भाग जांभळट लाल, तर मॅग्नेशियम कमी आहे.

पण घाई करू नका. लाल पान उलटे करून बघा. फिकट हिरवे, पाचरीच्या आकाराचे किडे तिरके तिरके पळताना दिसले, तर ते तुडतुडे. ते रस शोषतात, पानाच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मुरडतात आणि मग लाल होतात. शेतात फिरून वीसेक झाडांची पाने पाहावीत. पानामागे सरासरी दोन-तीन पिल्ले असतील, तर बंदोबस्त किडीचा करायचा, खताचा नव्हे. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क बरा. अशा वेळी युरिया वाढवला तर पाने लुसलुशीत होतात आणि तुडतुड्यांचे आणखीच फावते.

तिसरी गोष्ट मुळांची. फुलंब्रीकडच्या एका शेतात मी गेलो होतो. मालकाने तीन वेगवेगळ्या बाटल्या फवारल्या होत्या, तरी पीक पिवळेच. दोन झाडे उपटली, तर मुळ्या तपकिरी, मऊ. काळ्या रानात पाणी साचून राहिले होते. खत जमिनीत भरपूर होते, पण गुदमरलेले मूळ ते घेणार कसे? तिथे चर काढून पाणी बाहेर काढणे हाच इलाज होता, आणि त्याला दमडी लागत नव्हती. म्हणून पाने पिवळी दिसली की फवारणीआधी एखादे झाड उपटून पाहण्याची सवय ठेवा.

किडे नाहीत, मूळ पांढरे व निरोगी आहे आणि खालचीच पाने लाल आहेत, एवढी खात्री झाली की फवारणी करावी. पंधरा लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम युरिया किंवा डीएपी, म्हणजे २ टक्के. डीएपी रात्रभर भिजवून वरची निवळी गाळून घ्यावी, नाहीतर नोझल तुंबते. मॅग्नेशियम सल्फेट पंपाला ७५ ते १५० ग्रॅम पुरे. डीएपी आणि मॅग्नेशियम सल्फेट एकाच पंपात कालवू नका, खाली साका बसतो. आठ दिवसांचे अंतर ठेवा. पहिल्यांदा चार ओळीच फवारा आणि शेजारच्या चार तशाच सोडा. लाल झालेले पान परत हिरवे होणार नाही, तेव्हा फरक नव्या पानांत आणि पात्यांच्या गळीत पाहा. बहुतेक बोंडे फुटल्यावर खालची पाने लाल होणे हे झाडाचे म्हातारपण. त्यावर खर्च करू नये.

पुढच्या हंगामात नत्र एकदम न देता पेरणीच्या वेळी, तीस दिवसांनी आणि साठ दिवसांनी असे वापशावर विभागून द्या. खोडाला लागून युरियाचा ढीग मात्र नको, त्याने मुळ्या जळतात.

पैठणकडचे मोसंबीवाले आणि खुलताबाद, कन्नडकडचे आलेवाले यांची गोष्ट थोडी निराळी. तिथे बहुधा शेंड्याची पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. ही लोहाची उणीव. चुनखडीच्या रानात लोह असते, पण मुळांना मिळत नाही, आणि पाण्याचा अतिरेक झाला की दुखणे वाढते. आधी पाणी आवरा. मग पंपाला ७५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १५ ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून फवारा. जमिनीतून द्यायचे असेल तर चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळूनच द्यावे. आल्यात मात्र खालची पाने टोकाकडून पिवळी पडत असतील आणि खोड ओढताच सुटून हातात येत असेल, वास मारत असेल, तर ती कंदकुज आहे. तिथे खताचा काही उपयोग नाही.

एवढे पाहूनही उलगडा झाला नाही, तर एक खालचे, एक मधले आणि एक शेंड्याचे अशी पाने वर्तमानपत्रात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे न्यावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाने घामेजतात आणि ओळखू येत नाहीत. सोबत त्याच जागची आणि चांगल्या पिकाखालची अशी दोन ठिकाणची माती वेगवेगळी न्या. मात्र खत टाकलेल्या ओळीतली, बांधावरची किंवा उकिरड्याजवळची माती उचलू नका.