गटाचे नियोजन आणि मोबाइलवरील सामाईक तक्ता

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त एकट्यादुकट्याच्या हातचा नव्हे. २०१७ साली विदर्भातील कापूस उत्पादकांनी या किडीचा कडू अनुभव घेतला. एकाने वेळेवर पऱ्हाट्या उपटाव्यात आणि शेजाऱ्याने फरदड राखावी, म्हणजे पहिल्याचे श्रम वाया गेलेच. कीड बांध पाहत नाही. म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळा शिवारातही हे काम गटानेच आखणे अगत्याचे आहे.

त्यासाठी मोबाइल फोन उपयोगी पडतो. पाणी फाउंडेशनने २०२२ साली सुरू केलेल्या फार्मर कप स्पर्धेत गटशेतीला डिजिटल शेतीशाळेची जोड देण्यात आली होती. परंतु व्हॉट्सॲपवर गट उघडला म्हणजे नियोजन झाले, असे मुळीच नाही. तेथे सकाळी ठरलेली गोष्ट दुपारपर्यंत शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते. चर्चा तेथे खुशाल व्हावी. निर्णय मात्र गूगल शीटसारख्या सामाईक तक्त्यात नोंदवावा. एकाने केलेली नोंद त्यात सर्वांना दिसते आणि चुकून पुसलेला मजकूर परत मिळविता येतो. काम, शेत, जबाबदार व्यक्ती, ठरलेली तारीख व काम पुरे झाल्याची तारीख एवढे रकाने पुरेत.

या तक्त्याचा खरा लाभ सर्वेक्षणात दिसतो. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावून पतंग मोजावेत. सतत तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ ते १० पतंग सापडले, किंवा तोडून पाहिलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी दोहोंत अळी निघाली, तर नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. सर्वांचे आकडे एकत्र आले की कीड प्रथम कोणत्या बाजूस वाढली हे कळते. मग फवारणी तेथेच हाती घेता येते व इतरांचा औषधाचा खर्च वाचतो.

नोंदी बदलण्याचा अधिकार दोघातिघांनाच द्यावा. आधार क्रमांक वा बँक खात्याचा तपशील तक्त्यात कदापि लिहू नये. रेंज नसेल तेथे आकडे वहीत टिपून नंतर भरावेत. बहुधा फोन पुरुषाच्या खिशात असतो आणि किडके बोंड प्रथम दिसते ते वेचणी करणाऱ्या स्त्रीला. तिची माहिती तक्त्यात आली नाही तर तक्ता अपुराच. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी दर आठवड्यास त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

डिसेंबरअखेर कपाशीचा हंगाम संपवून प्रत्येकाने पऱ्हाट्या उपटल्याची तारीख नोंदवावी. ज्याचा रकाना कोरा राहील, त्याच्या शेतावर गटातील दोघांनी समक्ष जावे.