घरधनी समुद्रापार, संसार घरी

दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. एक वाट पुण्या-मुंबईकडे जाते. दुसरी सोलापूरकडे जाते. तिसरी नगर-मनमाडकडे जाते. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, लष्कराची मोठी केंद्रे आहेत. त्यामुळे दौंडच्या फलाटावर सामान घेतलेला जवान नेहमी दिसतो. घरची माणसे त्याला पोचवायला येतात. गाडी सुटते आणि माणसे गावाकडे परततात.

जवानाचे काम साऱ्यांना माहीत असते. पण मागे घर चालवणे हेही मोठे काम आहे. त्यातून माणूस समुद्रापार गेला, तर ते काम आणखी अवघड होते. ते नीट कसे करावे, ते या पाठात पाहू.

जवान परदेशी का जातो?

आपल्या भागातली माणसे पूर्वीपासून समुद्रापार गेली आहेत. पहिले महायुद्ध १९१४ ते १९१८ या काळात झाले. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. त्यांच्या फौजेत 'पुणे डिव्हिजन' नावाचे सैन्य होते. मराठा पलटणीही त्यात होत्या. हे सैन्य आजच्या इराक देशात लढायला गेले. तिथे कूट नावाच्या गावात त्याला वेढा पडला. अन्न संपले. २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्याला शरण जावे लागले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांतली पुष्कळ परत आलीच नाहीत.

देश स्वतंत्र झाल्यावर हे चित्र पालटले. आता आपला जवान दुसऱ्याच्या राज्यासाठी जात नाही. जगातल्या देशांची एक संघटना आहे. तिला संयुक्त राष्ट्रे म्हणतात. दोन पक्षांत भांडण पेटले, की शांतता राखायला ही संघटना निरनिराळ्या देशांचे सैनिक मागवते. १९५३ साली भारताचे जवान कोरियात गेले. त्यांचे प्रमुख शंकरराव थोरात हे मराठी सेनानी होते. १९५६ ते १९६७ आपले जवान गाझा भागात होते. १९६० नंतर ते काँगोत गेले. २०११ साली दक्षिण सुदान हा नवा देश झाला. तिथेही ते गेले. श्रीलंकेतही १९८७ ते १९९० या काळात आपली फौज होती. तिला मात्र भारत सरकारने पाठवले होते.

बायकाही जातात बरे का! २००७ साली भारताने आफ्रिकेतल्या लायबेरिया देशात महिला पोलिसांची एक अख्खी तुकडी पाठवली. संयुक्त राष्ट्रांच्या कामात अशी तुकडी तोवर कधी नव्हती. एक तुकडी परत आली, की दुसरी जाई. असे २०१६ पर्यंत चालले. त्या बायकांपैकी कित्येकींची लेकरे घरी आजी-आजोबांपाशी किंवा बापापाशी होती.

आपले पत्र आपण वाचावे

पूर्वी जवानाची खुशाली पत्रानेच कळे. पण पत्र लिहिणारा निरक्षर आणि वाचणारीही निरक्षर. तो तिकडे जाणत्या सोबत्याकडून पत्र लिहून घेई. ती इकडे मास्तरांकडे नाहीतर पोस्टमनकडे जाई. चार माणसांत नवऱ्याचे पत्र वाचले जाई. मग मनातले दुःख कोण कसे लिहील? "येथील सर्व ठीक आहे, तुमची खुशाली कळवावी," एवढ्यावरच पत्र संपे.

साताऱ्याकडे सैनिकांची घरे फार. त्याच सातारा जिल्ह्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावोगावी प्रौढ माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवू लागली. पुढे ही मोहीम राज्यात इतरत्रही गेली.

आज घरोघरी फोन आहे. तोंड पाहून बोलता येते. तरी अक्षराची गरज संपली नाही. बँकेचा निरोप, शाळेची चिठ्ठी, कोर्टाची नोटीस ही वाचावीच लागतात. लष्करी टपालाचा पत्ताही नीट लिहावा लागतो. त्यावर जवानाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. शेवटी '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' असे लिहितात. गावाचे नाव लिहीत नाहीत. पलटण कुठे आहे हे पाकीट पाहणाऱ्याला कळू नये, म्हणून ही रीत आहे.

पैशाची सोय आधी करा

पूर्वी जवानाची मनीऑर्डर बहुधा त्याच्या बापाच्या नावे येई. सून घरात राबे, पण लेकराच्या औषधालाही तिला सासऱ्यापुढे हात पसरावा लागे. काही घरांत याचा त्रास होत नसे. काही घरांत याच्यावरून चूल वेगळी होई.

आता पगार बँकेत जमा होतो. जवानाने जाण्याआधीच घरच्यांसमोर बसून ठरवावे. आई-वडिलांना दरमहा किती? बायको-मुलांना किती? सोसायटीच्या कर्जाचा हप्ता कोणी भरायचा? हे कागदावर लिहावे. नवरा-बायकोचे जोडखाते असावे. पासबुक बायकोने स्वतः वाचावे. खर्चाची वही ठेवावी. वहीत लिहिले असले, की "पैसे कुठे गेले?" या प्रश्नाला भांडणाने नव्हे, आकड्याने उत्तर देता येते.

हल्ली फोनवरून फसवणारे पुष्कळ आहेत. "पलटणीतून बोलतो, तुमच्या मालकांचा पगार अडला आहे, फोनवर आलेला नंबर सांगा," असे कोणी म्हणाले, तर तो नंबर मुळीच सांगू नका. फोन ठेवा आणि आपल्या बँकेत जाऊन विचारा.

कागद वाचल्याशिवाय सही नको

समजा, दौंड तालुक्यातल्या एका गावात भीमेकाठी एका जवानाची तीन एकर जमीन आहे. तो परदेशी आहे. चुलतभावांशी बांधावरून वाद आहे. एक दिवस कोर्टाची नोटीस येते. कोणी म्हणतो, "वैनी, ह्यात काय न्हाई, हितं अंगठा करा." बाई अंगठा करते. कागद फळीवर पडून राहतो. तारखेला कोणी हजर राहत नाही. कोर्ट दुसऱ्या बाजूचेच ऐकते आणि निकाल देते. जवान वर्षाने परत येतो, तो जमीन हातची गेलेली असते.

हे टळू शकते. यासाठी १९२५ सालापासून एक कायदा आहे. सैनिकांच्या कोर्टकज्जांसाठीच तो केलेला आहे. लढाईवर, समुद्रापार किंवा कायद्यात सांगितलेल्या इतर कठीण जागी असलेल्या जवानाला त्याचा आधार मिळतो. जवान अशा ठिकाणी असून त्याच्या बाजूने कोणी हजर नसेल, तर कलेक्टर तसे कोर्टाला कळवू शकतात. मग कोर्ट काम थांबवून लष्कराकडे विचारणा करते. त्याची नोकरी या कायद्यात बसते आणि न्यायासाठी काम थांबणे जरूर आहे, असा दाखला लष्कराने दिला, की कोर्ट काम पुढे ढकलते.

पण ध्यानात ठेवा, कोणी कळवल्याशिवाय कोर्टाला हे कळणार कसे? म्हणून नोटीस आली, की त्याच दिवशी वाचा. आलेली तारीख वहीत लिहा. पुण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तिथे नोटीस घेऊन जा. वकिलालाही दाखवा. तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली, तरी तसेच करा. तिच्यावर हरकत घ्यायला मुदत असते, आणि ती मुदत लवकर संपते.

जाण्यापूर्वी जवानाने विश्वासाच्या माणसाला कुलमुखत्यारपत्र करून द्यावे. ते कोणत्या कामासाठी दिले, हे त्यात स्पष्ट लिहावे. सातबारा, विम्याचे कागद, मुलांचे जन्मदाखले आणि पलटणीचा पत्ता एका पेटीत ठेवावे. पेटी कुठे आहे, हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे.

लेकरांचे मन सांभाळा

दोन वर्षांचे मूल बापाचे तोंड विसरते. त्यात बापाचा दोष नाही, मुलाचाही नाही. रोज फोटो दाखवावा. बापाच्या गोष्टी सांगाव्यात. "बाबा कुठे गेले?" असे विचारले, तर खरे सांगावे. "उद्या येतील" असे खोटे सांगू नये. भिंतीवर दिनदर्शिका लावावी. रोज एक दिवस मुलाच्या हाताने खोडावा.

थोरल्या मुलाला पाहुणे म्हणतात, "आता तूच घरचा कर्ता." बारा वर्षांच्या पोराला एवढा भार सोसत नाही. त्याला पाणी भरू द्या, गुरे बांधू द्या. पण त्याची शाळा सोडवू नका.

काही आया म्हणतात, "थांब, बाप येऊ दे, मग दाखवते." मूल त्यामुळे बापाच्या येण्यालाच भिऊ लागते. रागवायचे तर आजच रागवावे आणि आजच मिटवावे.

आई परदेशी असेल, तर बापाने वेणी घालायला आणि डबा करायला लाजू नये. ते काम कमीपणाचे नाही.

झाकली मूठ

पूर्वी तार आली, की उघडण्याआधीच घरात रडारड होई. तारखाते २०१३ साली बंद झाले. आता अफवा फोनवरून येते. "अमक्या देशात गोळीबार झाला," असे कोणी पाठवतो आणि बाईच्या पोटात गोळा उठतो. अशा वेळी पलटणीकडून किंवा सैनिक कार्यालयाकडून आलेली बातमीच खरी धरावी. फोन लागला नाही, म्हणजे वाईटच झाले असे नाही. जुबा शहर दक्षिण सुदानात आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात, तेव्हा तिथे संध्याकाळचे पाचच वाजलेले असतात. तो कामावर असेल.

आपणही जपून बोलावे. पलटण कधी निघाली, कुठे उतरली, हे एसटीत बोलू नये आणि फोनवरून चारचौघांत पसरवू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माणूस घरी आल्यावर

सगळ्यांना वाटते, माणूस आला की संपले. पण थोडे दिवस अवघड जातात. तो म्हणतो, "मला न विचारता म्हैस का विकली?" ती म्हणते, "वर्षभर मीच निभावले ना?" दोघांचेही खरे असते. तो तिकडे हुकमाने चालला. ती इकडे स्वतःच्या अकलेने चालली. तिला आता निर्णय घेता येतो. तो तिच्या हातून पुन्हा काढून घेऊ नये. तिने खर्चाची वही पुढे ठेवावी. त्याने ती वाचावी. पुढचे दोघांनी मिळून ठरवावे. झोप न लागणे, दचकणे असे काही त्याला होत असेल, तर ते लपवू नये. लष्कराच्या दवाखान्यात दाखवावे.

तुमच्या घरातले कोणी परदेशी नसेल. पण शेजारच्या घरातले असेल. त्या घरी नोटीस आली, तर ती वाचून दाखवा. आणि त्या माउलीला म्हणा, "बाई, उद्यापासून वर्गाला या. पुढची नोटीस तुम्हीच वाचायची."