शेजारच्या सीटचं भाडं

नाशवंत मालाचा भाव दिवस कलताना उतरतो, हे मंडईत जाणाऱ्याला शिकवावं लागत नाही. सकाळची मेथी रात्री निम्म्या भावात मिळते. विमानातली सीट तर मेथीहूनही नाशवंत. दार बंद झालं की रिकाम्या सीटचं काहीच उरत नाही, पाणी मारून दुसऱ्या दिवशी विकायचीही सोय नाही. तरी उड्डाण जवळ येतं तसा तिचा भाव बहुधा चढतच जातो.

या उफराट्या व्यवहाराचं गणित ब्रिटिश आहे. बीओएसी या तिथल्या सरकारी विमानकंपनीतल्या केन लिटलवुड यांनी ते १९७२ मध्ये मांडलं. समजा, स्वस्त तिकीट ४,००० रुपयांचं आहे आणि महाग १०,००० चं. स्वस्तवाला आज पैसे घेऊन उभा आहे, महागवाला येईल की नाही ते ठाऊक नाही. तो येण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त वाटत असेल, तर आजच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणावं. कमी वाटत असेल, तर विकून मोकळं व्हावं. एमआयटीतल्या पीटर बेलोबाबा यांनी १९८७ च्या आपल्या प्रबंधात हाच विचार दोनाऐवजी अनेक भाड्यांना लागू केला. नंतर संगणक सुधारले, अंदाज सुधारले, पण गाभा तोच राहिला. आयत्या वेळी येणाऱ्याला बहुधा पर्याय नसतो. कुणाची उद्या सुनावणी असते, कुणाचे वडील अतिदक्षता विभागात असतात. सीट राखून ठेवलेली असते ती त्याच्यासाठी, त्याच्या सोयीसाठीही आणि त्याच्या खिशासाठीही.

हे कागदावरचं गणित बाजारात उतरलं ते अमेरिकेत. तिथे १९७८ पर्यंत भाडी सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड ठरवत असे. दर सारखेच असल्यामुळे कंपन्यांची चढाओढ चालायची ती जेवणावर आणि गणवेशावर. चार्टर विमानवाल्यांनी स्वस्तात माणसं न्यायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांच्या लक्षात आलं की आपल्याही विमानांत रोज शेकडो सीट रिकाम्या जातात आणि त्या उडवण्याचा खर्च तर झालेलाच असतो. १९७७ मध्ये त्यांनी ‘सुपर सेव्हर’ भाडं काढलं. तिकीट खूप आधी काढायचं आणि परगावी ठरावीक दिवस मुक्काम करायचा, अशा त्याच्या अटी होत्या. पुढे शनिवारची रात्र बाहेर काढण्याची अट या धंद्यात रुळली. त्या अटीचा खर्चाशी काही संबंध नव्हता. कामासाठी जाणारा माणूस शनिवारी घरी परततो, सहलीला गेलेला राहतो. दोघांना वेगळं काढायला एवढं पुरे होतं. ही युक्ती मला तरी गणितापेक्षा जास्त धूर्त वाटते.

२४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी विमानसेवा मुक्त करण्याच्या कायद्यावर सही केली आणि नव्या कंपन्या आल्या. त्यांतली सर्वांत लाडकी पीपल एक्सप्रेस. डोनाल्ड बर यांनी ती १९८१ मध्ये न्यूअर्कहून सुरू केली. भाडं साधं आणि कमी, तिकिटाचे पैसे विमानात बसल्यावर, सामान चढवायचे ३ डॉलर वेगळे. इथले नोकर हे ‘नोकर’ नव्हते. वैमानिकाला ‘फ्लाइट मॅनेजर’ म्हणत आणि तोही आळीपाळीने जमिनीवरची कामं करी. प्रत्येकाने कंपनीचे शेअर घ्यायचे, हा तर रुजू होतानाचाच नियम होता. त्यामुळे स्वस्त भाड्याचा अभिमान प्रवाशाइतकाच कर्मचाऱ्यालाही होता.

जानेवारी १९८५ मध्ये क्रँडल यांनी ‘अल्टिमेट सुपर सेव्हर’ आणलं. आता अमेरिकनचं सर्वांत स्वस्त तिकीट पीपल एक्सप्रेसच्या तोडीचं झालं, पण मोजक्याच सीटवर. बाकीच्या सीट पूर्ण भाड्याने जात राहिल्या. कोणत्या विमानात किती स्वस्त सीट सोडायच्या हे सेबर या आरक्षण यंत्रणेतल्या नोंदींवरून ठरे. पीपल एक्सप्रेसकडे अशी यंत्रणाच नव्हती. तिला सगळ्यांसाठी स्वस्त राहावं लागे, अमेरिकनला फक्त काहींसाठी. १९८७ च्या सुरुवातीला ती कॉन्टिनेन्टलमध्ये विरघळली. कर्मचाऱ्यांनी हौसेने घेतलेल्या शेअरांची माती त्याआधीच झाली होती. मोजक्या सीट स्वस्त सोडण्याच्या या पद्धतीने अमेरिकनला तीन वर्षांत १.४ अब्ज डॉलरचा लाभ झाला, असं तिच्याच तज्ज्ञांनी १९९२ मध्ये एका नियतकालिकात लिहून जाहीर केलं.

हा इतिहास सांगताना बहुतेक जण इथे थांबतात आणि क्रँडल यांच्या हुशारीला दाद देतात. पण १९८३ मध्ये याच अमेरिकनने आपल्या कामगार संघटनांशी एक करार केला होता. जुन्यांचा पगार तसाच, नव्याने येणाऱ्यांना त्याच कामासाठी कमी वेतनश्रेणी. तिला ‘बी-स्केल’ म्हणत. कंपनी वाढवायची तर स्वस्त माणसं हवीत, हा त्यामागचा विचार. म्हणजे एका रांगेत बसलेल्या दोन प्रवाशांचं भाडं वेगळं आणि त्यांच्यासमोर एकाच ट्रॉलीच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या दोघींचा पगारही वेगळा. प्रवाशाला ‘शेजाऱ्याने किती दिले’ हा प्रश्न जसा छळतो, तसाच तो कर्मचाऱ्यांनाही छळत राहिला, आणि संघटनांनी पुढची काही वर्षं ही दोन श्रेणींची पद्धत मोडून काढण्यात घालवली. स्वस्त सीटचा हिशेब मांडताना हा रकाना सहसा कोरा सोडला जातो.

भाड्यांच्या जंजाळाला प्रवासी, एजंट आणि तिकीट-खिडकीवरची माणसं सगळेच विटले आहेत, हे क्रँडल यांनाही दिसत होतं. एप्रिल १९९२ मध्ये त्यांनी सगळं मोडून चारच भाडी ठेवली आणि पूर्ण भाडंही बरंच उतरवलं. सरळ, समजेल असं. नॉर्थवेस्टने लगेच मुलांबरोबर मोठे फुकट अशी योजना काढली, अमेरिकनने निम्म्या भावाने उत्तर दिलं. तो उन्हाळा प्रवाशांच्या चंगळीचा आणि कंपन्यांच्या तोट्याचा गेला आणि काही महिन्यांत चार भाड्यांची योजना गुंडाळली गेली. त्याच डिसेंबरात अमेरिकी न्यायखात्याने आठ विमानकंपन्यांवर खटला भरला. भाड्यांच्या सामाईक संगणकी यादीत पुढच्या तारखांची भाडी आणि तळटिपा टाकून कंपन्या एकमेकींना ‘तू वाढव, मी वाढवते’ असे इशारे करतात, असा आरोप होता. १९९४ मध्ये तडजोड झाली. साधी भाडी ठेवायला कुणी तयार नव्हतं, खुणेची भाषा मात्र सगळ्यांना येत होती.

आपल्याकडे १९५३ ते १९९४ देशांतर्गत नियमित उड्डाणांची मक्तेदारी कायद्याने सरकारी होती. कायदा रद्द होण्याआधीच खासगी विमानं उडू लागली, पण तिकीट खरोखर सामान्यांपर्यंत आणलं कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने, २००३ पासून. कंपनीने बोधचिन्ह म्हणून आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घेतला आणि एक रुपयाची तिकिटं काढली. मोजकीच, कर वेगळा. पण जाहिरात अशी की आयुष्यात विमानाकडे फक्त मान वर करून पाहणाऱ्यांनी चौकशी सुरू केली. पुढे एअर डेक्कन किंगफिशरच्या पोटात गेली आणि २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली, कर्मचाऱ्यांचे कित्येक महिन्यांचे पगार थकवून.

आता घरोघरीचा प्रश्न. ‘मघाशी साडेचार हजार दाखवत होतं, परत पाहिलं तर सहा, मोबाइलला कळतं का आपल्याला जायचंय ते?’ बहुतेक वेळा कारण साधं असतं. एका विमानातल्या सीट भाड्याच्या गटांत वाटलेल्या असतात. धंद्यात त्यांना ‘बकेट’ म्हणतात, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर. खालची बकेट संपली की पुढची उघडते. चौघांचं तिकीट एकदम शोधलं आणि खालच्या बकेटमध्ये दोनच सीट उरल्या असतील, तर यंत्रणा बहुधा चौघांनाही वरचं भाडं लावते. दिवाळीत नागपूरला निघालेल्या कुटुंबाने आधी दोघांचं पाहून मग ठरवावं.

काउंटरवरच्या मुलीला यातलं काही ठरवता येत नाही. भाडं ठरवणारे मुख्यालयात, पडद्यासमोर. शिव्या खाणारी इथे, गणवेशात. सीटपेक्षा जास्त तिकिटं विकलेली असली की स्वतःहून मागे राहणारा प्रवासी शोधण्याचं काम तिचं. कुणी मिळाला नाही आणि एखाद्याला सक्तीने उतरवलं, तर आपल्या नियमांनुसार २४ तासांच्या आत दुसरी सोय झाली तरी जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्याहून उशीर झाला तर २०,००० रुपयांपर्यंत भरपाई आहे. तासाभरात सोय झाली तर काहीच नाही. विमानकंपन्यांतल्या माणसांना स्वतःला मिळते ती सवलत स्टँडबायची असते, सगळे पैसेवाले चढल्यावर उरलेल्या सीटची. त्यामुळे भाड्याकडे ते प्रवाशासारखं पाहत नाहीत. ते पाहतात लोड किती आहे, म्हणजे विमान किती भरलंय ते.

प्रवाशाचा राग महागाईचा कमी आणि अन्यायाचा जास्त असतो. कानेमान, नेत्श आणि थेलर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक प्रश्न विचारला होता: हिमवादळानंतर दुकानदाराने १५ डॉलरचं फावडं २० डॉलरला विकलं, तर ते योग्य का? ८२ टक्के लोकांनी अयोग्य म्हटलं. सरकारं याच भावनेला उत्तर देतात. मे २०२० मध्ये उड्डाणं पुन्हा सुरू झाली तेव्हा मुंबई–दिल्ली भाडं ३,५०० ते १०,००० रुपयांत बांधलं गेलं. प्रवाशांनी कौतुक केलं वरच्या मर्यादेचं. पण खालच्या मर्यादेमुळे दांडग्या कंपनीला भाव पाडून दुबळीला बुडवता येईना, आणि माझ्या मते त्या आदेशातली जास्त परिणामकारक ओळ तीच होती. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी ही चौकट उठली.

डिसेंबर २०२५ मध्ये ती वेगळ्या रूपात परतली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते. देशातली साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी-वाहतूक हाती असलेल्या इंडिगोकडे त्या नियमांपुरते वैमानिक नव्हते. हजारो उड्डाणं रद्द झाली आणि उरलेल्या विमानांची भाडी आकाशाला भिडली. सरकारने अंतरानुसार मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. नागपूर–मुंबई १२,००० च्या गटात, मुंबई–दिल्ली १५,००० च्या. त्याचबरोबर इंडिगोला विश्रांतीच्या काही नियमांतून तात्पुरती सूट देण्यात आली. प्रवाशाच्या भाड्याला कमाल मर्यादा मिळाली आणि वैमानिकाच्या झोपेची किमान मर्यादा त्याच आठवड्यात सैल झाली.