समुद्राची भीती योग्य जागी ठेवा : स्नॉर्कलिंगबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीची सुट्टी जवळ आली की नागपूरच्या मनीषनगरातल्या सोसायट्यांमध्ये सहलींचे बेत शिजू लागतात. कोणी अंदमानची तिकिटं काढतं, कोणी नागपूर–मडगाव गाडीने कुडाळला उतरून मालवण-तारकर्ली गाठायचं ठरवतं. पॅकेजमध्ये ‘स्नॉर्कलिंग’ असतंच, आणि घरात त्यावरून दोन तट पडतात. आजी-आजोबा शार्कच्या धास्तीने नको म्हणतात. पोहण्याच्या क्लासला गेलेली मुलं म्हणतात, आम्हाला येतं, जॅकेट कशाला?

दोन्ही बाजूंचं चुकतं, आणि त्यात नवल नाही. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, दोन्ही किनाऱ्यांपासून शेकडो किलोमीटर आत राहतो. पोहायला शिकलो ते तरणतलावात, आणि समुद्र पाहिला तो बहुतेक पडद्यावर. म्हणून ज्याला भ्यायला नको त्याला आपण भितो आणि जिथे जपायला हवं तिथे बेफिकीर राहतो. निघण्याआधी काही गोष्टी स्पष्ट झाल्या, तर सहल सुखाचीही होईल आणि सुरक्षितही.

गैरसमज : पोहता येत नसेल तर स्नॉर्कलिंग जमणारच नाही.

वस्तुस्थिती : स्नॉर्कलिंगमध्ये खोल जायचं नसतं. जॅकेट घालून पालथं तरंगायचं, डोळ्यांवर मास्क लावायचा, तोंडात नळी धरायची आणि खाली पाहत राहायचं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे तरणतलावापेक्षा तिथे अंग थोडं हलकं तरंगतं. मालवणला गाईड सोबत रिंग किंवा ट्यूब घेतो. ती धरायची, बाकी ओढून नेण्याचं काम त्याचं.

अवघड असतो तो श्वास. नाक मास्कमध्ये बंद असल्याने सगळा श्वास तोंडाने घ्यावा लागतो आणि पहिल्या मिनिटाला जीव घाबरतो. नळीत पाणी शिरलं की जोरात फुंकून ते बाहेर काढायचं असतं. हे कमरेएवढ्या पाण्यात, पाय टेकत असताना शिकून घ्यावं. मास्क आणि नळी आधी नागपुरातच तरणतलावात वापरून पाहिली तर अर्धी भीती तिथेच गळून पडते.

गैरसमज : उथळ पाणी आहे, मला पोहता येतं, काही झालं तर ओरडेनच.

वस्तुस्थिती : सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही. श्वासच पुरत नसतो, आवाज कुठून येणार? त्यात स्नॉर्कलिंग करणारा मुळातच पाण्यात तोंड घालून स्थिर असतो. तो मासे पाहतोय की शुद्ध हरपलीय, हे लांबून कळत नाही.

हवाई बेटांवर पर्यटकांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंमध्ये स्नॉर्कलिंग करणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. तिथल्या अभ्यासातून पुढे आलेलं एक कारण समजून घेण्यासारखं आहे. अरुंद किंवा सदोष नळीतून जोर लावून श्वास ओढावा लागला, त्यात दमछाक झाली आणि मुळात हृदयाचा त्रास असला, तर फुप्फुसांत अचानक पाणी साठू शकतं. हे पाणी समुद्राचं नसतं, शरीरातलंच असतं. धाप लागते, हातापायांतलं बळ जातं, आणि हे सगळं पाय टेकतील अशा पाण्यातही घडू शकतं.

म्हणून रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी नागपूर सोडण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावं. पाण्यात श्रम न करता धाप लागली तर तत्क्षणी नळी काढावी, पाठीवर उताणं व्हावं आणि हात वर करावा. जॅकेट प्रत्येकाने घालावं, चांगलं पोहणाऱ्यानेही. आणि एकट्याने कधीही उतरू नये. जोडीने उतरावं, दर मिनिटाला जोडीदाराकडे पाहावं.

गैरसमज : स्नॉर्कलिंग आणि स्कूबा एकच, आणि दोन्हींनंतर लगेच परतीचा प्रवास करता येतो.

वस्तुस्थिती : स्नॉर्कलिंगमध्ये आपण पृष्ठभागावरची साधी हवा घेतो. स्कूबात पाठीवरच्या टाकीतली दाबाखालची हवा घेत खाली जातो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्या दाबाखाली शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडू द्यावा लागतो. स्कूबाचा सर्वांत मोठा नियमही यातूनच येतो : वर येताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही, कारण दाब कमी होताच फुप्फुसांतली हवा फुगते.

स्नॉर्कलिंगनंतर विमानात बसायला हरकत नाही. एका स्कूबा डाइव्हनंतर मात्र किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास थांबावं, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. अंदमानहून परतणाऱ्यांना हे ठाऊक असतं. मालवणहून गाडीने परतणारे घाट विसरतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. सकाळी स्कूबा आणि दुपारी घाट, असा बेत नको. स्कूबा सहलीच्या पहिल्या टप्प्यात उरकावं आणि शेवटचा दिवस सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी ठेवावा.

आणखी एक. अर्ध्या तासाच्या अनुभवानंतर हाती येणारं रंगीत प्रमाणपत्र म्हणजे डायव्हरचा परवाना नव्हे. त्यासाठी काही दिवसांचं रीतसर प्रशिक्षण लागतं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे मुलांना मुळापासून शिकवता येतं.

गैरसमज : चष्मा असणाऱ्यांना खाली काही दिसत नाही.

वस्तुस्थिती : चष्म्यावर मास्क बसत नाही, काड्यांच्या फटीतून पाणी शिरतं. पण नंबरची काच असलेले मास्क मिळतात, ते आहेत का हे आधी फोन करून विचारावं. शिवाय पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि थोड्या जवळ दिसतात, त्यामुळे कमी नंबर असलेल्यांचं बरंचसं निभावतं.

गैरसमज : कॅटमरान उलटत नाही आणि तिच्यात मळमळत नाही.

वस्तुस्थिती : मुंबईला गेटवेहून मांडव्याला जाणारी कॅटमरान अनेकांनी पाहिली असेल. अंदमानात श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचं पोर्ट ब्लेअर, आणि स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, यांच्यामध्येही अशाच वेगवान बोटी धावतात. एकमेकांपासून अंतरावर असलेले दोन निमुळते सांगाडे आणि वर सपाट मजला, अशी तिची रचना. ती एका बाजूला सहज कलत नाही. पण ‘सहज’ हा शब्द महत्त्वाचा. छोटी कॅटमरान एकदा पालथी झाली की तितक्याच ठामपणे पालथी राहते. लाटांवर ती संथ डोलत नाही, झटके देते, आणि काहींना त्यानेच जास्त मळमळतं.

उपाशीपोटी गेलं की उलटी होत नाही, हेही खरं नाही. तर्री-पोह्यांवर ताव मारून निघू नये, पण तास-दोन तास आधी हलकं खावं. उलटीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, निघण्याआधी घ्यावी लागते. तिने झोप येते, म्हणून पाण्यात उतरणार असाल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. बोटीच्या मागच्या भागात मध्याजवळ बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा.

मालवणला स्नॉर्कलिंगसाठी नेतात त्या मात्र बहुतेक साध्या एकसांगाडी होड्या. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी अशीच एक बोट उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. म्हणून जॅकेट फक्त पाण्यात नव्हे, होडीत पाय ठेवल्यापासून अंगात हवं. होडीची प्रवासी क्षमता किती आणि आत माणसं किती, हे विचारायला संकोचू नये. आणि डॉल्फिन दिसला म्हणून सगळ्यांनी एका बाजूला धावू नये. होडी तेवढ्यानेही कलते.

गैरसमज : बुकिंगची वेळ मिळाली की झालं, समुद्र दिवसभर सारखाच.

वस्तुस्थिती : समुद्राचं घड्याळ चंद्रावर चालतं. कोकणातला जुना ठोकताळा सांगतो की तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं आणि पाण्याची ओढ वाढते. अष्टमीच्या आसपास भांग असते आणि पाणी तुलनेने शांत राहतं. आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी छापलेली असते. बेत आखताना ती पाहावी, मात्र पाण्यात उतरण्याचा अंतिम निर्णय स्थानिक होडीवाल्यावरच सोपवावा.

हंगामाचंही तसंच. विदर्भातली कुटुंबं मे महिन्याच्या सुट्टीत निघतात, पण मे सरता सरता समुद्र खवळू लागतो, आणि पावसाळ्यात ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात. मालवणचं पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं ते थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास. तेव्हाही जाहिरातीतला काचेसारखा निळा समुद्र डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नका. इथे नद्यांचा गाळ येतो आणि नजर काही मीटरच पोहोचते. पण त्या काही मीटरांत जे आहे ते महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतं.

गैरसमज : आम्ही पंचेचाळीस अंश सोसणारे, आम्हाला ऊन काय करणार?

वस्तुस्थिती : कातडी भाजते ती अतिनील किरणांनी, तापमानाने नव्हे. मालवणचा पारा नागपूरपेक्षा दहा अंश खाली असला, वारा सुटलेला असला, अंग ओलं असलं, तरी पालथं तरंगणाऱ्याची पाठ, मान आणि पोटऱ्या तासभर थेट उन्हात असतात. भाजल्याचं कळतं ते रात्री. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट हा सर्वांत चांगला उपाय. सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट या रसायनांनी प्रवाळांना धोका पोहोचतो, या कारणाने हवाई राज्याने अशा सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून बंद केली. कपड्याने हा प्रश्नच उद्भवत नाही.

गैरसमज : खरा धोका शार्कचा.

वस्तुस्थिती : मालवणच्या माणसाला शार्क ठाऊक आहे तो मोरी म्हणून, बाजारातल्या टोपलीत. सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळ कधीमधी महाकाय व्हेल शार्कची नोंद होते, पण तो प्लवकांवर जगतो, माणसाच्या वाटेला जात नाही. जपायचं ते तळाला. खडकांवरची धारदार कालवं, काटेरी सागरी अर्चिन, दगडासारखा पडून राहणारा विषारी मासा. यांतलं कुणीही चाल करून येत नाही. आपण पाय टेकतो, हात लावतो, तेव्हाच इजा होते. काहीही धरायचं नाही आणि कुठेही उभं राहायचं नाही, एवढं पाळलं की हा धोका जवळजवळ उरत नाही.

गैरसमज : प्रवाळ म्हणजे रंगीत दगड, एखादा तुकडा आणला तर काय बिघडलं?

वस्तुस्थिती : प्रवाळ हा प्राणी आहे. इवल्या इवल्या जिवांची वसाहत चुन्याचं घर बांधत जाते आणि त्यांच्या अंगातली शैवालं त्यांना अन्न पुरवतात. गोलसर वाढणारी काही प्रवाळं वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. आपली एक टाच कित्येक वर्षांची वाढ मोडते. पाणी फार तापलं तर ती शैवालं निघून जातात आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली. आधीच तापलेल्या समुद्रात तग धरून असलेल्या जिवावर आपण आणखी पाय द्यायचा का?

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. ताडोबात आपण जिप्सीतून खाली पाय ठेवत नाही, ते शिस्तीचं वळण इथेही तसंच लागू आहे, कारण कायदाही तोच : १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. वाघ ज्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत २००१ पासून प्रवाळंही आहेत. तुकडा तोडणं, उचलणं, विकत घेणं, सगळा गुन्हाच.

माशांना ब्रेड-बिस्किटं घालणं हेही पुण्य नव्हे. फोटोसाठी थवा जमतो खरा, पण खडकावरचं शेवाळ आणि बारीक जीव खाणारे मासे मैद्याला चटावतात आणि आपलं नेमून दिलेलं काम सोडतात. गाईडने ब्रेड काढला तर नम्रपणे नको म्हणा. पर्यटकांनी मागणंच थांबवलं, तर ही सवय आपोआप मोडेल.

पैसे देण्यापूर्वी गाईडला चार प्रश्न विचारा. होडीला परवाना आहे का आणि क्षमता किती? माझ्या मापाचं, बकल शाबूत असलेलं जॅकेट आहे का? एका गाईडमागे पाण्यात किती माणसं असतील? आज ओहोटी किती वाजता आहे? चांगला गाईड या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो. ‘आज पाणी बरं नाही, उद्या या’ असं तो म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. स्वतःचा त्या दिवसाचा रोजगार सोडून तो तुमचा जीव राखतो आहे. पैसे कुणाच्या हाती द्यायचे हे ठरवायला याहून खात्रीची खूण नाही.