हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर : जोडी जुळवायची कशी?



ऑनलाइन तासांपासून हेडफोन घराघरात आले. शाळेतही इंग्रजीच्या श्रवण-सरावाला, संगीताच्या तासाला ते लागतातच. मग पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो : "सर, नवीन हेडफोन मोबाइलला लावला तर आवाज अगदी बारीक येतो. खराब निघाला का?" दुसरे पालक नेमकं उलट सांगतात : "बटण जरा फिरवलं की कानठळ्या बसतात!" बहुतेक वेळा दोन्ही वस्तू चांगल्या असतात, त्यांची जोडी तेवढी जुळलेली नसते.

ही जोडी जुळवायला नववीच्या विज्ञानातला ओहमचा नियम पुरतो. चला, पायरी पायरीने पाहू.

१) खोक्यावरचे दोन आकडे

हेडफोनच्या खोक्यावर बरंच काही छापलेलं असतं. आपल्याला त्यातले दोनच आकडे हवेत.

पहिला इम्पिडन्स. हा ओहममध्ये असतो : १६, ३२, ८०, २५०, ३००, क्वचित ६००. हेडफोन विद्युतधारेला किती अडवतो ते हा आकडा सांगतो. आपण मुलांना शिकवतो तो रोधच, फक्त आवाजाच्या बदलत्या विद्युतधारेसाठीचा.

दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे संवेदनशीलता. एक मिलिवॅट शक्ती दिली तर किती डेसिबल आवाज निघेल, हे त्यावरून कळतं. काही कंपन्या मात्र हा आकडा एका मिलिवॅटऐवजी एका व्होल्टला देतात. म्हणून दोन हेडफोनची तुलना करताना आकड्यापुढचं एकक आधी वाचा. ३०० ओहमच्या हेडफोनवर "१ व्होल्टला १०३ डेसिबल" लिहिलं असेल, तर मिलिवॅटच्या हिशोबात ते सुमारे ९८ डेसिबलच होतं. आकडा मोठा दिसतो, पण हेडफोन तेवढा जोरकस नसतो.

२) डेसिबलची बेरीज

इथे दोनच गोष्टी पाठ करायच्या :

- शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो.
- शक्ती दहापट केली की १० डेसिबलने वाढतो.

आता गंमत बघा. ९६ डेसिबल संवेदनशीलतेच्या हेडफोनवर ७६ डेसिबलने, म्हणजे आरामात, ऐकायचं असेल तर २० डेसिबल कमी लागतात. शक्ती शंभरपट कमी, म्हणजे एका मिलिवॅटचा फक्त शंभरावा भाग!

मग मोठा अ‍ॅम्प्लिफायर कशाला हवा? कारण गाण्याचा आवाज एकसारखा नसतो. तबल्याची थाप किंवा ढोलाचा टोला सरासरी आवाजाच्या १५-२० डेसिबल वर उसळतो. ती उसळी अ‍ॅम्प्लिफायरला झेपली नाही, की लाटेचं टोक कापलं जातं आणि आवाज फाटतो. म्हणून हिशोब करताना क्षणिक उसळीसाठी ११० डेसिबल धरण्याची पद्धत आहे. इतक्या मोठ्याने ऐकायचं असतं, असा याचा अर्थ नाही. ती फक्त राखीव जागा.

३) एकच शक्ती, वेगळं व्होल्टेज

सूत्र आठवा : शक्ती = व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध.

बायरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. संवेदनशीलता एका मिलिवॅटला ९६ डेसिबल धरू. ११० डेसिबल गाठायला १४ डेसिबल जास्त हवेत, म्हणजे सुमारे २५ मिलिवॅट. आता दोन प्रकारांना ही शक्ती द्यायला काय लागतं बघा :

- ३२ ओहम : सुमारे ०.९ व्होल्ट आणि २८ मिलिअ‍ॅम्पिअर.
- २५० ओहम : २.५ व्होल्ट आणि १० मिलिअ‍ॅम्पिअर.

शक्ती दोघांना सारखीच लागली. पण २५० ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज जवळजवळ तिप्पट हवं. मोबाइलच्या हेडफोन-जोडणीतून साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळतं. एक व्होल्टने ३२ ओहमवाला खूश होतो, तर २५० ओहमवाल्याला जेमतेम ४ मिलिवॅट मिळतात आणि तो १०२ डेसिबलवर थांबतो. "आवाज बारीक येतो" या तक्रारीचं मूळ बहुतेकदा इथेच असतं.

४) "ओहम कमी म्हणजे चालवायला सोपा" हे अर्धसत्य

बरेच जण फक्त ओहम बघून खरेदी करतात. हायफायमॅन कंपनीचा एचई-६ घ्या. इम्पिडन्स फक्त ५० ओहम, पण संवेदनशीलता ८३.५ डेसिबल. ११० गाठायला साडेसव्वीस डेसिबल जास्त, म्हणजे जवळपास ४५० मिलिवॅट लागतात. त्यासाठी सुमारे ४.७ व्होल्ट आणि ९५ मिलिअ‍ॅम्पिअर हवेत. मोबाइलच्या आवाक्यातलं हे कामच नाही.

म्हणजे दोन्ही आकडे एकत्रच वाचायचे. ओहम जास्त असतील तर व्होल्टेजची भूक मोठी. ओहम कमी आणि संवेदनशीलताही कमी असेल तर धारेची भूक मोठी.

५) अ‍ॅम्प्लिफायरवरचे वॅट

जाहिरातीत लिहिलेलं असतं, "१०० मिलिवॅट". पुढे बारीक अक्षरात "३२ ओहमला". ते बारीक अक्षर महत्त्वाचं! ३२ ओहमला १०० मिलिवॅट म्हणजे सुमारे १.८ व्होल्ट. व्होल्टेजची मर्यादा तीच राहिली, तर २५० ओहमला या अ‍ॅम्प्लिफायरकडून जेमतेम १३ मिलिवॅट मिळतील. १६ ओहमला २०० मिलिवॅट मिळतील का? कागदावर हो. प्रत्यक्षात तेवढी धारा पुरवता आली तरच. म्हणून आपल्या हेडफोनच्या ओहमला किती शक्ती मिळते, तोच आकडा शोधायचा.

आणखी एक आकडा बघा, आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा रोध. तो हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, असा साधा नियम आहे. ३२ ओहमला ४ किंवा त्याहून कमी. का? हे दोन रोध एकसर जोडणीत असतात आणि व्होल्टेज त्यांच्यात वाटलं जातं. अ‍ॅम्प्लिफायरचा रोध १२० ओहम असेल, तर ३२ ओहमच्या हेडफोनला एकूण व्होल्टेजचा जेमतेम पाचवा हिस्सा मिळतो. शिवाय पुष्कळ हेडफोनचा इम्पिडन्स प्रत्येक स्वराला सारखा नसतो. त्यामुळे वाटणीही स्वरागणिक बदलते आणि खर्ज उगाच फुगल्यासारखा ऐकू येतो.

६) वर्गात एका मोबाइलला चार हेडफोन

श्रवण-सरावाला आपण स्प्लिटर लावून एका मोबाइलला चार मुलं बसवतो. ही समांतर जोडणी झाली. ३२ ओहमचे चार हेडफोन समांतर जोडले की एकूण रोध ८ ओहम होतो आणि मोबाइलला चौपट धारा पुरवावी लागते. ती झेपत नाही, मग आवाज बसतो किंवा फाटतो.

त्यातच एक हेडफोन २५० ओहमचा असला, तर? व्होल्टेज सगळ्यांना सारखं, पण त्याला शक्ती सुमारे एक अष्टमांश मिळते. संवेदनशीलता सारखी असेल तर त्या मुलाला ९ डेसिबल कमी ऐकू येतं. तो म्हणतो, "बाई, मला ऐकू येत नाही," आणि आपल्याला वाटतं त्याचं लक्ष नाही! म्हणून वर्गासाठी एकाच प्रकारचे हेडफोन घ्यावेत. प्रत्येक जोडणीला स्वतंत्र आवाज-नियंत्रण असलेला छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर मिळाला तर उत्तमच.

७) सगळ्यात महत्त्वाचं : मुलांचे कान

आवाज कमी पडला तर पैसे वाया जातात. जास्त झाला तर कान जातात, आणि आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकात मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलने ४० तास आणि मुलांसाठी ७५ डेसिबलने ४० तास अशी मर्यादा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. या हिशोबाने ८५ डेसिबलला मुलांना आठवड्याचे फक्त ४ तास मिळतात. म्हणजे खोक्यावर "८५ डेसिबल, मुलांसाठी सुरक्षित" लिहिलं असलं, तरी पूर्ण आवाजात रोज दोन तास ऐकणं सुरक्षित ठरत नाही.

अजून एक गोष्ट पालकांनी जरूर लक्षात ठेवावी. मुलांच्या साध्या वायरच्या हेडफोनमध्ये आवाजाची मर्यादा बहुधा आतल्या एका रोधाने घातलेली असते. तो रोध आवाज कमी करतो, पण अमुक आकड्यावर थांबवत नाही. एक व्होल्टच्या मोबाइलवर जो ८५ देतो, तोच चार व्होल्टच्या अ‍ॅम्प्लिफायरवर १२ डेसिबल जास्त, म्हणजे ९७ देऊ शकतो. तिथे मुलाची आठवड्याची मर्यादा सुमारे पंधरा मिनिटांत संपते! असा हेडफोन घरातल्या मोठ्या म्युझिक सिस्टिमला लावू देऊ नका.

खरेदीआधी एवढं बघा

- फोन, लॅपटॉपसाठी : १६ ते ८० ओहम आणि एका मिलिवॅटला ९६ डेसिबल किंवा जास्त. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर सहसा लागत नाही.
- २५० ओहम किंवा जास्त : अडीच-तीन व्होल्ट देणारा अ‍ॅम्प्लिफायर.
- संवेदनशीलता ९० पेक्षा कमी : ओहम कितीही असोत, दमदार अ‍ॅम्प्लिफायर.
- ब्लूटूथ किंवा यूएसबी हेडफोन : अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, जोडी कंपनीनेच जुळवलेली असते.
- नवीन जोडी लावताना आवाजाचं बटण आधी शून्यावर, मग हेडफोन कानाला, मग हळूहळू वाढवा.

शिक्षकांसाठी एक उपक्रम : मुलांना घरच्या हेडफोनचे ओहम आणि डेसिबल लिहून आणायला सांगा. फळ्यावर तक्ता करा आणि प्रत्येकाला ११० डेसिबलसाठी किती व्होल्ट लागतील ते काढू द्या. मग ७५ डेसिबलसाठी किती लागतील तेही काढायला सांगा. दोन उत्तरांत किती फरक आहे हे मुलांनी स्वतः काढलं, की "आवाज कमी कर" हे वेगळं सांगावं लागत नाही.